दोन साइटमधल्या स्विचमध्ये व्हीलॅन ट्रंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच रॅकमधल्या दोन स्विचमध्ये ट्रंक लावा किंवा काही किलोमीटर लांबच्या दोन जागांमध्ये लावा, कमांड त्याच असतात. पण रॅकमध्ये चूक झाली तर दोन पावलं चालून केबल काढता येते, आणि दुसऱ्या साइटला चूक झाली तर गाडी काढावी लागते. हे पान त्या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. त्या बहुतेक सिस्कोच्या पद्धतीच्या आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे निदान एका टोकाला तोच स्विच असतो.

ट्रंक म्हणजे नेमकं काय?

व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क, आणि फ्रेम म्हणजे नेटवर्कवर जाणारं डेटाचं एक पाकीट. ॲक्सेस पोर्टवर एकच व्हीलॅन असतो आणि फ्रेम साधी जाते. ट्रंक पोर्टवरून अनेक व्हीलॅन जातात, म्हणून कुठली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची हे ओळखायला प्रत्येक फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घातला जातो. ही पद्धत ८०२.१क्यू या मानकाची, १९९८ सालची. टॅगमधले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. त्यातून ४०९६ आकडे मिळतात, ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला १ ते ४०९४ उरतात. ३ बिट प्राधान्यक्रमासाठी असतात. आवाजाचे कॉल दुसऱ्या साइटला नेणार असाल तर त्यांचा उपयोग होतो.

आम्हाला ट्रंक खरंच हवा आहे का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला विचारायला हवा.

ट्रंकमुळे दोन साइट लेयर २ वर, म्हणजे फ्रेमच्या पातळीवर, एक होतात. म्हणजे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारे संदेश) एक, लूप (फ्रेम गोल गोल फिरत राहणं) झाला तर तोही एक. कुणी मीटिंग रूममध्ये एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली, तर दुसऱ्या साइटचे फोनही बंद पडू शकतात. मधे राउटिंग असेल तर हा गोंधळ त्या जागेपुरता राहतो.

म्हणून माझा नियम असा: एखादा व्हीलॅन पलीकडे का लागतो हे एका वाक्यात सांगता येत असेल, तरच तो ट्रंकवर घ्यायचा. "पाहुण्यांचं वायफाय एकाच फायरवॉलमधून बाहेर जातं" हे कारण झालं. "या जुन्या यंत्राचा आयपी बदलता येत नाही आणि त्याचा सर्व्हर पलीकडे आहे" हेही झालं. "असू दे, पुढे लागेल" हे कारण होत नाही. साध्या संगणकांसाठी आणि प्रिंटरसाठी दोन्हीकडे वेगळे सबनेट ठेवा आणि मधे /३० मास्कचा, दोनच पत्त्यांचा, छोटा सबनेट देऊन राउट करा. एकाच लिंकवर थोडे व्हीलॅन ट्रंकने आणि बाकी सगळं राउटिंगने, असंही व्यवस्थित चालतं. त्यासाठी ट्रान्झिटचा, म्हणजे दोन साइटमधल्या राउटिंगच्या रहदारीचा, एक वेगळा व्हीलॅन घ्यायचा.

स्वतःचं फायबर आणि प्रोव्हायडरची लाइन, यात काय फरक पडतो?

खूप फरक पडतो. फायबर तुमचं असेल तर दोन स्विच एकमेकांना थेट बघतात. एक टोक तुटलं की पोर्ट डाउन होतो, आणि स्विच पाठवील ती प्रत्येक फ्रेम पलीकडे पोचते.

प्रोव्हायडरची लाइन घेताना ऑर्डर देण्याआधीच चार गोष्टी लेखी विचारून घ्या. टॅग लागलेल्या फ्रेम जातात का? जात असतील तर कुठलाही क्रमांक चालतो की त्यांनी दिलेलेच? किती मोठी फ्रेम जाते? आणि एसटीपी (स्पॅनिंग ट्री, लूप होऊ नये म्हणून जादा वाट अडवणारी पद्धत) व एलएसीपी (अनेक केबलींची एक जुडी करणारी पद्धत) यांच्या कंट्रोल फ्रेम पलीकडे पोचतात का? हा चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. या फ्रेम ०१-८०-सी२ ने सुरू होणाऱ्या खास पत्त्यांवर जातात. सामान्य स्विच त्या पुढे पाठवत नाही. प्रोव्हायडरने मुद्दाम बोगदा (टनेल) करून दिला नसेल तर त्या त्यांच्याच स्विचवर संपतात.

अनेक प्रोव्हायडर तुमच्या टॅगच्या बाहेर स्वतःचा दुसरा टॅग लावतात, त्याला क्यू-इन-क्यू म्हणतात. ही चांगली सोय आहे, कारण तुमचे क्रमांक तुमचेच राहतात. साधं इंटरनेट कनेक्शन असेल तर त्यावरून ट्रंक थेट जाणार नाही. त्यासाठी व्हीएक्सलॅनसारखं एखादं बोगद्याचं तंत्र लागतं. ते मूळ पाकिटावर ५० बाइट चढवतं, शिवाय एन्क्रिप्शन वेगळं करावं लागतं.

फायबर आमचंच आहे. ते स्विचला जोडणारं मॉड्यूल कुठलं घ्यायचं?

सिंगल मोड (लांब अंतराचं) फायबर आणि एक गिगाबिटचं एलएक्स किंवा १० गिगाबिटचं एलआर घेतलं की साधारण १० किमीपर्यंत निभतं. मल्टिमोडवर (कमी अंतराच्या फायबरवर) एक गिगाबिटचं एसएक्स जास्तीत जास्त ५५० मीटर जातं, तेही चांगल्या प्रतीच्या फायबरवर. ८० किमीचं मॉड्यूल "जास्त ताकदवान" म्हणून जवळच्या अंतरावर लावू नका. प्रकाश जास्त पडून समोरचा रिसीव्हर खराब होऊ शकतो, तिथे प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लागतो. लिंक येत नसेल तर आधी एका टोकाच्या दोन तारांची अदलाबदल करून बघा, मग कनेक्टर पुसा. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. १०० मीटरची मर्यादा आहेच, शिवाय दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक आणि वीज पडणं, या दोन कारणांनी पोर्ट जळतात.

दोन्ही साइटवर व्हीलॅन आधीपासून आहेत. जोडण्याआधी काय बघायचं?

क्रमांक. मग आयपी. मग डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा. या क्रमाने, आणि कागदावर.

एका कार्यालयाच्या दोन जागा जोडताना मी हे घाईत केलं होतं. दोन्हीकडे व्हीलॅन १० होता. इकडे तो हिशेब विभागाचा, तिकडे फोनचा. ट्रंक वर आला, पिंग गेलं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले तेव्हा त्यांतल्या काहींना इकडच्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला, आणि हिशेबाच्या दोन संगणकांना तिकडचा. सगळे एकदम बंद पडले असते तर कारण लगेच कळलं असतं. पण ज्याला जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याचा पत्ता, त्यामुळे शेजारच्या दोन टेबलांवर वेगवेगळं चित्र. दुपारी एका फोनच्या स्क्रीनवर गेटवेचा (व्हीलॅनमधून बाहेर जायच्या वाटेचा) पत्ता वाचला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मी असा तक्ता करतो: एका ओळीत क्रमांक, दोन्ही साइटवरचं त्याचं नाव, दोन्हीकडचा सबनेट, डीएचसीपी कोण देतं, गेटवे कुठे आहे, आणि शेवटी "ट्रंकवर जाणार: हो किंवा नाही". एकाच क्रमांकाचे दोन अर्थ निघाले तर एका बाजूचा क्रमांक बदला. काही स्विच ट्रंकवरच क्रमांकाचं भाषांतर करून देतात, पण सहा महिन्यांनी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला ते समजत नाही. मी ते टाळतो.

कॉन्फिग नेमकं काय टाकायचं?

दोन्ही बाजूंना आधी व्हीलॅन तयार करा, मग पोर्टवर हे:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४
डिस्क्रिप्शन साइट-२ फायबर, जोडी ३
स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट नोनिगोशिएट
स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०,३०,९९

एन्कॅप्सुलेशनची ओळ सगळ्या स्विचवर नसते. जे जुने स्विच सिस्कोची स्वतःची आयएसएल पद्धतही ओळखत, त्यांना ती द्यावी लागते. बाकीचे "अशी कमांड नाही" म्हणतील, घाबरू नका. नोनिगोशिएट मात्र घालाच, म्हणजे पोर्ट समोरच्याशी वाटाघाटी करत बसत नाही. मोड ट्रंक न देता दोन्ही पोर्ट डायनॅमिक ऑटोवर राहिले तर दोघेही समोरच्याची वाट बघत बसतात आणि ट्रंक होतच नाही.

अलाउडची ओळ दिली नाही तर सिस्कोवर सगळेच व्हीलॅन सुटतात. आज तुमच्याकडे चारच व्हीलॅन असतील, पण उद्या कुणी पाचवा तयार केला की तो न विचारता पलीकडे जाईल.

दूरच्या स्विचवर बदल करताना संपर्क तुटला तर?

तुटेल असं धरूनच चला.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एका शब्दामुळे. ट्रंकवर २०, ३० आणि ९९ चालू आहेत, ९९ वरून तुम्ही स्विच सांभाळता, आणि आता ४० वाढवायचा आहे. तुम्ही लिहिता "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०". एंटर दाबलं की कर्सर तिथेच थिजतो. आधीची यादी पुसून आता फक्त ४० उरलेला असतो. लिहायचं होतं "अलाउड व्हीलॅन ॲड ४०". मी हे केलेलं आहे, आणि कन्सोल केबल घेऊन चाळीस मिनिटं गाडी चालवून ते सुधारलेलं आहे.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. बदल करण्याआधी चालू कॉन्फिग सेव्ह करा, मग दूरच्या स्विचवर "रिलोड इन १०" द्या. आता बदल करा, पण सेव्ह करू नका. संपर्क टिकला तर "रिलोड कॅन्सल" देऊन मग सेव्ह करा. तुटला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो. रीस्टार्टच्या वेळात त्या साइटचं सगळं नेटवर्क जाईल, म्हणून हे कामाच्या वेळेत करू नका. ज्युनिपरवर "कमिट कन्फर्म्ड" दिलं की रीस्टार्ट न होताच बदल उलटतो, ठरलेली मुदत दहा मिनिटांची.

आणि जो बदल दोन्ही टोकांना करायचा असतो, उदाहरणार्थ नेटिव्ह व्हीलॅन, तो आधी पलीकडच्या स्विचवर करा, मग आपल्या. उलट केलंत तर पलीकडे पोचायची वाट तुम्हीच बंद केलेली असेल.

नेटिव्ह व्हीलॅन १ ठेवला तर काय बिघडतं?

ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम आली की ती नेटिव्ह व्हीलॅनची मानली जाते. एका टोकाला नेटिव्ह १० आणि दुसऱ्या टोकाला २० असेल तर इकडच्या १० मधली फ्रेम टॅगशिवाय निघते आणि तिकडे २० मध्ये उतरते. दोन सिस्को स्विच थेट जोडलेले असतील तर सीडीपीमुळे (सिस्कोची शेजारची यंत्रं एकमेकांना स्वतःची माहिती देतात ती पद्धत) लॉगमध्ये तक्रार दिसते. मधे प्रोव्हायडर असेल आणि तो सीडीपी अडवत असेल, तर ही तक्रारसुद्धा येत नाही.

१ हा क्रमांक सगळ्या स्विचवर मुळातच असतो आणि न वापरलेले पोर्ट त्यातच पडलेले असतात. नेटिव्ह व्हीलॅनमधल्या ॲक्सेस पोर्टवरून दोन टॅग लावलेली फ्रेम पाठवून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसता येतं, हा हल्ला जुना आणि माहीत असलेला आहे. म्हणून ९९९ सारखा एक क्रमांक घ्या, तो कुठल्याही ॲक्सेस पोर्टला देऊ नका, आणि दोन्ही टोकांना तोच ठेवा.

एका बाजूला सिस्को, दुसऱ्या बाजूला वेगळ्या कंपनीचा स्विच. जमेल का?

जमेल. टॅग मानकाचा आहे, तो सगळ्यांना कळतो. घोळ होतो तो शब्दांचा. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात "ट्रंक" म्हणजे अनेक केबलींची एक जुडी. सिस्कोवाले ज्याला ट्रंक म्हणतात त्यासाठी तिथे प्रत्येक व्हीलॅनमध्ये जाऊन तो पोर्ट "टॅग्ड" करावा लागतो, आणि नेटिव्ह म्हणजे तिथला "अनटॅग्ड". फोनवर दुसऱ्या साइटच्या माणसाला "ट्रंक कर" सांगाल आणि तो भलतंच करेल.

स्पॅनिंग ट्रीकडेही बघावं लागतं. सिस्को प्रत्येक व्हीलॅनचं वेगळं झाड चालवतो, इतर बरेच स्विच सगळ्यांचं मिळून एक. सिस्कोच्या बाकी व्हीलॅनचे संदेश त्यांना कळत नाहीत, ते साध्या मल्टिकास्टसारखे पुढे ढकलतात. वेगवेगळ्या कंपन्यांचं मिश्रण असेल तर दोन्हीकडे एमएसटीपी (व्हीलॅनचे गट करून स्पॅनिंग ट्री चालवणारी मानक पद्धत) लावा. रीजनचं नाव, रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी अक्षरशः सारखी हवी.

ट्रंक अप आहे, बाकी व्हीलॅन चालतात, एकच जात नाही. कुठून सुरुवात करू?

"शो इंटरफेसेस ट्रंक" दोन्ही टोकांना द्या आणि खालपर्यंत वाचा. त्यात याद्या आहेत: अलाउड असलेले, अलाउड असून प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले, आणि शेवटी स्पॅनिंग ट्रीने खरोखर पुढे जाऊ दिलेले. तुमचा व्हीलॅन ज्या यादीतून गळाला, तिथेच दोष आहे. पहिल्यात असून दुसऱ्यात नाही, तर त्या स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही. मधल्या एखाद्या स्विचवर, जिथे त्या व्हीलॅनचं एकही यंत्र नाही, हे नेहमी राहून जातं. दुसऱ्यात असून तिसऱ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्रीने अडवला आहे.

तिन्ही याद्या ठीक असतील तर मॅक टेबल, म्हणजे कुठल्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता कुठल्या पोर्टवर आहे ती यादी, बघा. पलीकडच्या यंत्राचा मॅक पत्ता त्या व्हीलॅनमध्ये ट्रंक पोर्टवर शिकलेला दिसतो का? इकडे दिसत नाही पण पलीकडच्या स्विचवर दिसतो, तर फ्रेम मधे कुठेतरी पडते आहे, आणि आता प्रोव्हायडरला फोन करायला तुमच्याकडे ठोस कारण आहे.

"शो व्हीलॅन ब्रीफ"मध्ये ट्रंक पोर्ट दिसत नाहीत. ते तसंच असतं, त्यावरून काही बदलू नका.

पिंग होतं, पण फाइल कॉपी करताना शून्यावरच अडकतं. असं का?

जवळजवळ नेहमी फ्रेमच्या आकारामुळे. साधी पूर्ण फ्रेम १५१८ बाइटची, टॅग लागला की १५२२, प्रोव्हायडरचा दुसरा टॅग लागला की १५२६. मधे एखादा जुना मीडिया कन्व्हर्टर १५१८ वरच थांबत असेल तर तो मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइटचं, ते आरामात जातं. लॉगिनची चौकटही येते. मोठा डेटा वाहू लागला की सगळं थांबतं.

दोन साइटवरच्या दोन संगणकांमध्ये, त्याच व्हीलॅनमध्ये, "तुकडे करू नका" हा पर्याय लावून १४७२ बाइटचं पिंग द्या. २८ बाइट हेडरचे मिळून ते १५०० होतं. १४७२ जात नाही आणि १४६८ जातं, असं दिसलं तर उत्तर हातात आलं: बरोबर ४ बाइट कमी पडताहेत, म्हणजे मधल्या कुणीतरी टॅग मोजलेलाच नाही. संगणकांवरचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) कमी करून वेळ मारून नेऊ नका. ते मधलं यंत्र शोधून बदला, किंवा प्रोव्हायडरकडून फ्रेमची मर्यादा वाढवून घ्या.

दोन लिंक टाकल्या तर दोन्ही वापरता येतील का?

एलएसीपीने जुडी केली तर येतील. नुसते दोन ट्रंक लावले तर स्पॅनिंग ट्री एक अडवेल, आणि ते बरोबरच आहे. प्रोव्हायडरच्या दोन लाइन असतील आणि त्यावरून एसटीपीच्या फ्रेम जात नसतील तर मात्र सांभाळा: दोन्ही स्विचना आपण एकटेच आहोत असं वाटतं, दोन्ही लाइन उघड्या राहतात, आणि लूप होतो.

रूट ब्रिज, म्हणजे स्पॅनिंग ट्रीच्या मुळाशी असणारा स्विच, कुठला हे नशिबावर सोडू नका. सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ असेल तर सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो, आणि तो बहुधा कपाटातला सगळ्यात जुना स्विच असतो. लहान आकडा जिंकतो, म्हणून मुख्य साइटच्या कोअर (मध्यवर्ती) स्विचला ४०९६ द्या.

लाइन मधे तुटली, तरी आमचा पोर्ट अपच दाखवतो. हे कसं?

तुमचा पोर्ट प्रोव्हायडरच्या डब्याला जोडलेला आहे आणि तो डबा तुमच्याच खोलीत चालू आहे. पुढे काय तुटलं ते पोर्टला कळत नाही. एलएसीपीच्या फ्रेम पलीकडे जात असतील तर एकाच लिंकवरसुद्धा तो लावा: जलद टायमरवर तीन सेकंदांत आणि साध्या टायमरवर ९० सेकंदांत तुटलेलं कळतं. जात नसतील तर दर मिनिटाला पलीकडच्या स्विचच्या पत्त्यावर पिंग करणारी देखरेख लावा, आणि ट्रंकवरच्या प्रत्येक व्हीलॅनमधला एकेक पत्ता त्यात घाला. एकच व्हीलॅन गळाल्याचं तेव्हाच समजतं.

गेटवे कुठल्या साइटवर ठेवायचा?

ज्या साइटवर त्या व्हीलॅनची जास्त यंत्रं किंवा सर्व्हर आहेत तिथे. लिंक तुटली की दुसऱ्या साइटची यंत्रं गेटवेशिवाय राहतील, हे त्या लोकांना आधी सांगा. अंतराने होणाऱ्या उशिराची काळजी सहसा नको, फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किमी जाऊन यायला एक मिलिसेकंद.

व्हीटीपीने व्हीलॅनची यादी आपोआप पाठवू का?

नको. जुन्या व्हीटीपीमध्ये ज्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा त्याची यादी सगळे स्वीकारतात. डोमेनचं नाव आणि पासवर्ड जुळणारा एखादा जुना स्विच जोडला गेला तर दोन्ही साइटचे व्हीलॅन पुसले जाऊ शकतात. मोड ट्रान्सपरंट ठेवा.

ट्रंकवरचा डेटा कुणी वाचू शकतो का?

हो. टॅग ही नुसती खूण आहे, कुलूप नाही. लाइन दुसऱ्याच्या ताब्यातून जात असेल तर मॅकसेक, म्हणजे ८०२.१एई, दोन्ही स्विचवर मिळतं का बघा. ते प्रत्येक फ्रेमवर ३२ बाइटपर्यंत चढवतं, म्हणून आकाराची चाचणी ते चालू केल्यावर पुन्हा करा. शिवाय त्याच्या किल्ल्या ठरवणाऱ्या फ्रेम प्रोव्हायडर पुढे सोडतो का, हेही ऑर्डरच्या वेळीच विचारा.

काम संपल्यावर काय लिहून ठेवायचं?

दोन्ही स्विचचे पोर्ट क्रमांक, फायबरची जोडी किंवा लाइनचा सर्किट क्रमांक, अलाउड यादी, नेटिव्ह क्रमांक, रूट ब्रिज कुठला ते, आणि लिंक नवी असताना दोन्ही टोकांना मिळालेली प्रकाशाची पातळी. ही शेवटची नोंद फार थोडे लोक करतात. दोन वर्षांनी लिंक अडखळायला लागली आणि आज उणे ६ डीबीएम दिसणारी पातळी उणे १७ झालेली दिसली, की स्विचला हात न लावता थेट फायबरवाल्याला बोलावता येतं. या नोंदीची एक छापील प्रत दोन्ही रॅकच्या दाराला आतून चिकटवा. नेटवर्क बंद असतं तेव्हा सर्व्हरवरची फाइल उघडत नाही.